एकाच सहीचा कारभार

सत्ताविभाजनाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाचे लक्ष सहजच दिल्लीकडे वळते. संसद श्रेष्ठ की सर्वोच्च न्यायालय श्रेष्ठ, राज्यपालांनी विधेयक किती दिवस अडवून धरावे, विधानसभाध्यक्षांच्या निर्णयात न्यायाधीशांनी कितपत हात घालावा, असल्या प्रश्नांवर व्याख्यानमालांतून कंठशोष होतो आणि तो ऐकून श्रोते समाधानाने घरी परततात. हे वाद निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ठराव करणारा, पैसा मंजूर करणारा आणि अंमल करणारा हे तिघे एक झाले म्हणजे काय होते, याचा धडा पुणेकरांना मिळाला तो दिल्लीत नव्हे, आपल्याच महानगरपालिकेत. १४ मार्च २०२२ रोजी पालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षे दहा महिने या शहराचा कारभार एकाच सहीने चालला. निवडणूक झाली, गुलाल उधळून झाला, आता जुने कशाला उगाळायचे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र तो हिशेब अजून मांडायचा आहे.

महानगरपालिकेचा कायदा ज्यांनी रचला त्यांनी तो मोठ्या जाणतेपणाने रचला होता. १९४९ च्या ज्या मुंबई प्रांतिक अधिनियमान्वये १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि जो आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्यात शहराची सत्ता एका ठिकाणी ठेवलेली नाही. धोरण ठरविण्याचा आणि कर बसविण्याचा अधिकार मुख्य सभेचा. तिजोरीच्या किल्ल्या स्थायी समितीच्या कमरेला. आणि अंमलबजावणीचा संपूर्ण अधिकार आयुक्तांचा. आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करावे, ते स्थायी समितीने तपासावे, मुख्य सभेने त्यावर वाद घालून मंजूर करावे, आणि मग आयुक्तांनी ते राबवावे, असा हा क्रम आहे. सभासदाने लेखी प्रश्न विचारावा आणि प्रशासनाने त्यास उत्तर द्यावे, हीही तरतूद त्यात आहे. माँतेस्क्यू या फ्रेंच पंडिताने १७४८ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलेला सिद्धांत शिवाजीनगरच्या पालिका भवनात असा गटारे, दिवे आणि पाणीपट्टीच्या रूपाने नांदत होता.

प्रशासकीय काळात या तिन्ही अंगांचे काय झाले? ती कागदावर जिवंतच राहिली, हीच त्यातली मौज. खात्यांकडून स्थायी समितीपुढे प्रस्ताव येत. मुख्य सभेपुढेही येत. ठरावही होत. फरक एवढाच की, स्थायी समिती म्हणजे प्रशासक, मुख्य सभा म्हणजे प्रशासक आणि ज्यांच्या प्रशासनाकडून प्रस्ताव येई ते आयुक्त म्हणजेही प्रशासकच! मागणारा हात आणि देणारा हात एकाच देहाचे असल्यावर नकाराचा प्रश्न उरतच नाही. २०२३-२४ चे ९,५१५ कोटींचे, २०२४-२५ चे ११,६०१ कोटींचे आणि २०२५-२६ चे १२,६१८ कोटींचे अशी तीन वर्षांची अंदाजपत्रके या पद्धतीने सादर झाली आणि मंजूरही झाली. बेरीज तेहतीस हजार सातशे कोटींच्या वर जाते. एवढ्या रकमेवर पुणेकरांच्या एकाही प्रतिनिधीला उभे राहून ‘माझा विरोध नोंदवून घ्या’ असे म्हणण्याची सोय नव्हती. या अवधीत तीन आयुक्त झाले. त्यांपैकी कोणाच्याही सचोटीवर वा कर्तृत्वावर आम्ही येथे शिंतोडा उडवू इच्छीत नाही. आमचा प्रश्न माणसांविषयीचा नसून आसनाविषयीचा आहे.

येथे एका लोकप्रिय मताचा विचार करणे प्राप्त आहे, कारण ते मत आमच्या कानांवर वारंवार आलेले आहे आणि कर्वेनगरसारख्या सुशिक्षित, निवृत्तांच्या आणि नोकरदारांच्या वस्तीत ते विशेष ऐकू येते. ‘नगरसेवक नव्हते तेच बरे होते,’ असे ते मत. ‘स’ यादीतून जागोजागी बसविलेली बाके, त्यांवरील ठळक नावे, वाटलेल्या कापडी पिशव्या, चांगला रस्ता उखडून पुन्हा केलेला रस्ता आणि चौकाचौकांतील वाढदिवसांचे फलक हे सारे ज्यांनी पाहिले आहे, त्यांचा हा वैताग आम्ही समजू शकतो. ज्या उपनगराचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक आणि जे आज महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या नावाने ओळखले जाते, तेथील नागरिकाला सार्वजनिक पैशाची उधळपट्टी खुपावी, हे स्वाभाविकच आहे. १९०० साली त्या माळावर एक झोपडी बांधून विधवांच्या शिक्षणाचे काम अण्णांनी नेले ते पै-पैशाची वर्गणी गोळा करून.

तरीसुद्धा हे मत आम्हांस मान्य नाही. नगरसेवकाचा दोष दिसतो तो तो चव्हाट्यावर असतो म्हणून. बाकावर त्याचे नाव असते, पाच वर्षांनी त्याला दाराशी यावे लागते आणि सभागृहात त्याचे वाभाडे काढायला विरोधक टपून बसलेला असतो. बंद खोलीतील निर्णयाला ना नाव असते ना विरोधक. तेथील चूक कळते ती खोदाई सुरू झाल्यावर. शिवाय ‘एक सज्जन आणि समर्थ अधिकारी पुरे’ हा प्रयोग या मुंबई इलाख्यात एकदा होऊन चुकला आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती आला. माणूस धडाडीचा होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मुंबईची मंडई ही त्याच्याच काळातली. परंतु खर्चावर खरा लगाम कोणाचाच नव्हता. ‘जस्टिस’ म्हणून मिरविणारी सरकारनियुक्त मंडळी नावापुरती देखरेख करीत. १८७१ पर्यंत तिजोरीची अशी दशा झाली की करदाते खवळून उठले.

त्या वेळी फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टराने घेतलेली भूमिका आजही मननीय आहे. लोक म्हणत होते, आयुक्ताचे अधिकार काढून ते समितीकडे द्या. मेहतांनी भर सभेत उलट सांगितले की, अंमल करणारा हात एकच असावा, दहा जणांच्या हाती अंमल दिला तर जबाबदारी कोणाचीच उरत नाही. दोष आहे तो हिशेब मागणारी सभा लोकांनी निवडलेली नाही हा. त्या सभेत त्यांना ऐकून घेणारे थोडे आणि ओरडणारे फार होते. परंतु १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांच्या महापालिकेत निम्मे सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले, आणि १८८८ च्या कायद्यात महापालिका, स्थायी समिती व आयुक्त ही त्रयी पक्की झाली. पुण्याच्या कायद्याची आई ती हीच. समर्थ आयुक्त आणि त्याला जाब विचारणारी सभा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात, एक ठेवून दुसरी काढता येत नाही, हे ज्ञान दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होते. २०२२ मध्ये आपण क्रॉफर्डच्या काळात परत गेलो. फरक एवढाच की, क्रॉफर्डच्या शेजारी निदान ‘जस्टिस’ तरी बसत.

एका मताने काय होते, असे कोणी विचारील. पुण्याच्याच नगरपालिकेतील एक प्रसंग आहे. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव पुढे आला, तेव्हा साऱ्या सभेत जोतीराव फुले यांनी एकट्याने विरोध केला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी असे त्यांचे म्हणणे होते. ते सरकारनियुक्त सभासद होते, हे विशेष. ठराव मंजूर झाला. पण विरोध नोंदला गेला, आणि आज त्या सभेतील बाकीच्या मंडळींची नावे कोणाला आठवत नाहीत. विरोधी मत हरले तरी ते इतिवृत्तात राहते, पुढच्याच्या हाती लागते. प्रशासकाच्या सभेचे इतिवृत्त असते, त्यात विरोधी मत मात्र असूच शकत नाही.

आता या पोकळीची किंमत कोणी भरली ते पाहू. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत तेवीस गावे आली. मुठेच्या वरच्या अंगाची कोंढवे-धावडे, कोपरे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांतलीच; कर्वेनगराहून वारज्याच्या पुढे निघाले की यांपैकी काहींची वेस लागते. या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. सभागृहाची उरलेली मुदत होती जेमतेम साडेआठ महिन्यांची. म्हणजे सरपंच गेला, नगरसेवक आला नाही, आणि साडेचार वर्षे तेथील माणसाने पालिकेचा कर भरण्याच्या नोटिसा घेतल्या त्या एकही प्रतिनिधी नसताना. प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही, ही घोषणा अमेरिकन वसाहतींनी अठराव्या शतकात दिली म्हणून आपण शाळेत पाठ करतो. नांदेड फाट्यावर ती कोणी दिली नाही, हा तेथील लोकांचा सोशिकपणा!

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या भागात, ‘गियाँ बारे’ या मज्जातंतूंच्या विकाराने थैमान घातले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. माणसे कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर गेली, काही दगावली. रुग्णांच्या शौचनमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारे जंतू आढळले, आणि नांदेडच्या विहिरीतील पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून घरोघर जात होते, ही गोष्ट तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळली. गावकऱ्यांना ती आधीपासूनच ठाऊक होती. नगरसेवक असते तर रोग आला नसता, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. परंतु त्या विहिरीविषयी वर्षभर आधी एखाद्या सभासदाने प्रश्न टाकला असता, त्यास लेखी उत्तर द्यावे लागले असते, आणि त्या उत्तराखाली एका अधिकाऱ्याची सही राहिली असती. अशा सहीचे भय ही शहराच्या आरोग्यरक्षणातली एक मोठी व्यवस्था आहे. आमदारांना विधानसभेत प्रश्न विचारता येतो, हे खरे. पण गल्लीतल्या विहिरीचा प्रश्न मुंबई-नागपूरच्या अधिवेशनाची वाट पाहत थांबू शकत नाही.

सभा नसली म्हणजे दुसरेही एक विपरीत घडते. जो वाद सभागृहात व्हायचा तो न्यायालयात जातो. बालभारती ते पौड फाटा हा वेताळ टेकडीच्या कुशीतून जाणारा रस्ता व्हावा की न व्हावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. कर्वे रस्त्याच्या कोंडीत रोज तासभर अडकणाऱ्याचे मत एक असेल, टेकडीवर पहाटे जाणाऱ्याचे दुसरे. असा प्रश्न लोकप्रतिनिधींनी भांडून मिटवायचा असतो. एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांना मोर्चा काढावा लागला आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले, कारण मधले दारच बंद होते. रस्ता कायदेशीर आहे का, एवढे न्यायाधीश सांगू शकतील. तो हवा का, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. एक अंग लुळे पडले की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि ते दुसरेही मग आपल्या कामाचे राहत नाही.

हे सारे घडले कोणामुळे? एकाच पक्षाचे वा एकाच मंत्र्याचे नाव घेऊन मोकळे होता आले असते तर आमचे काम सोपे होते. वस्तुस्थिती अधिक लाजिरवाणी आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या लावल्या. त्या पुऱ्या करण्यासाठी लागणारी आकडेवारी राज्य सरकारने वेळेवर गोळा केली नाही. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमुखाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे ओढून घेतले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणूक जाहीर करा असे बजावले. जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला. तोवर सरकार बदलले, आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने जुन्या सरकारची प्रभागरचना मोडून २०१७ ची सदस्यसंख्या परत आणली. त्यावर पुन्हा दावे झाले आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’ असा आदेश झाला. हा ‘जैसे थे’ किती काळ चालावा? ६ मे २०२५ पर्यंत! त्या दिवशी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पुऱ्या करा म्हणून आदेश दिला, आणि सप्टेंबरात तीच मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली.

वाचकांनी हा क्रम नीट पाहावा. यात कोणीही आपली कक्षा सोडलेली नाही. विधिमंडळाने कायदा केला, तो त्याचा अधिकार. सरकारने प्रभाग आखले, तोही कायद्याने दिलेला अधिकार. न्यायालयाने सुनावणी केली, ते तर त्याचे कर्तव्यच. निवडणूक आयोग आदेशाची वाट पाहत राहिला. प्रत्येकाने आपापले अंगण राखले आणि मधोमध असलेले पुणेकरांचे घर ओस पडले. अधिकारांची विभागणी अशासाठी असते की एकाने दुसऱ्याला अडवावे. येथे ती विभागणी एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याच्या कामी आली. मंत्र्याला विचारावे तर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’; आयोगाला विचारावे तर ‘न्यायालयाचा आदेश नाही’; आणि न्यायालयाच्या तक्त्यावर तारखेमागून तारीख. न्यायसंस्थेविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांला हे म्हटलेच पाहिजे की, पावणेतीन वर्षांचे ‘जैसे थे’ ही तटस्थता नव्हे. त्या स्थितीत एकाचा लाभ होता आणि दुसऱ्याचा तोटा. लाभ मंत्रालयाचा होता, कारण प्रशासकाची नेमणूक आणि बदली मंत्रालयाच्या हाती असते.

यातील सर्वांत चमत्कारिक भाग असा की, घटनेने या बाबतीत मुदत घातलेली आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेले २४३-यू हे कलम सांगते की, महानगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. मध्येच सभागृह विसर्जित झाले तर सहा महिन्यांत. अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हे बंधन ठासून सांगितले होते. घटनासमितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे कलम मांडले, तेव्हा त्यात आरंभी तीन वर्षांची मुदत होती. चर्चेनंतर ती गाळली गेली. मुदत गाळलेले ते कलम मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करून मनावर घेतले. आणि मुदत घातलेले हे दुसरे कलम त्याच राज्याच्या वारसदारांनी पावणेचार वर्षे गुंडाळून ठेवले!

पुण्यात न्याय आणि सत्ता यांचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव निघणारच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या तोंडावर ठेवून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. या कथेचा आम्हां पुणेकरांना अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु त्या कथेतील एक गोष्ट आपण विसरतो. शास्त्रीबोवांना पुणे सोडावे लागले. ते परतले ते बारभाईंच्या कारभारात. त्यांच्या न्यायाला आधार होता तो त्यांच्या निःस्पृहतेचा, व्यवस्थेचा नव्हे. सामान्य धैर्याच्या माणसालाही खरे बोलून गावात राहता यावे, एवढ्यासाठी तर सत्तेच्या वाटण्या करायच्या असतात. आपल्या वॉर्डातील तुंबलेल्या गटाराविषयी विचारायला रामशास्त्री लागू नये.

म्हणून आमचे म्हणणे दोन ठिकाणी आहे. पहिले विधिमंडळाकडे. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांहून अधिक नाही, हे राज्याच्या कायद्यात शब्दांनी लिहिले जावे. आणि त्या मुदतीतही त्याने नित्याच्या खर्चापुरते लेखानुदान घ्यावे, वीस-वीस वर्षे शहराला बांधणारे करार आणि नवे मोठे प्रकल्प मंजूर करू नयेत. अपवादात्मक स्थितीतील अधिकाऱ्याला कायमच्या धन्याचे अधिकार असण्याचे काही कारण नाही. ही दुरुस्ती करण्यास कोणताही पक्ष उत्सुक नसेल, याची आम्हांला कल्पना आहे. जो आज विरोधात आहे त्यालाही उद्या प्रशासक नेमायचा असतो.

दुसरे म्हणणे पुण्याच्या १६५ नव्या सभासदांकडे. १५ मार्च २०२२ नंतर स्थायी समिती आणि मुख्य सभा यांच्या नावाने जे जे ठराव झाले, त्यांची यादी, रकमांसह आणि मुदतींसह, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीप्रमाणे वेगळी काढून त्यांनी मागावी. जे चांगले असेल ते कायम करावे, आणि पुष्कळसे चांगलेही असेल. जे शंकास्पद असेल त्यावर सभेत उघड चर्चा व्हावी. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयापुरती ही यादी करणे दोन-तीन कारकुनांना जड नाही. प्रभाग समितीच्या सभेत ती टेबलावर ठेवली जावी आणि तिची एक प्रत कार्यालयाच्या फलकावर लावली जावी. वाचून शंका विचारणारे निवृत्त हिशेबनीस, अभियंते आणि शिक्षक कर्वेनगरात कमी नाहीत. कर्वे रस्त्याने रोज सकाळी फिरायला निघणाऱ्यांपैकी चारजण त्या फलकापुढे कागद-पेन्सिल घेऊन उभे राहिले, तर उत्तरे तयार ठेवण्याची तजवीज क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी आतापासूनच करावी.